डाव्या मनगटावरचं घड्याळ

“वाजत कसं न्हाई गं हे?”

आत्याबाईंनी घड्याळ एका कानाला लावलं, मग दुसऱ्या कानाला लावलं, आणि बाजारातून मी मुका पोपट विकत आणल्यासारखं माझ्याकडं बघितलं.

“वाजतं, आत्याबाई. फार बारीक वाजतं. जरा नीट कान द्या.”

“माझा कान तुझ्या कोर्टातल्या सगळ्या पट्टेवाल्यांपेक्षा तिखट हाय. मला नको शिकवू.” पुन्हा त्यांनी घड्याळ कानाशी धरलं, डोळे मिटले. “हां. आता आलं. मुंगी चालल्यागत वाजतंय.”

दिवाळीचा पाडवा होता. आमच्याकडं सासूला आत्याबाईच म्हणतात, आणि आमच्या घरातली प्रथा अशी की नवीन वस्तू, मग ती मिक्सर असो की मोटारसायकल, आधी देवापुढं ठेवायची आणि मगच वापरायची. आत्याबाईंनी माझं घड्याळ पाटावर ठेवलं, हळदीकुंकवाची बोटं थेट त्याच्या काचेवर टेकवली आणि वर अक्षता टाकल्या. माझा जीव वरखाली होत होता. स्वित्झर्लंडहून समुद्र ओलांडून आलेलं ते घड्याळ साताऱ्यात गोडोलीच्या आमच्या देवघरात कुंकू लावून बसलं होतं. विश्वासराव, म्हणजे माझे यजमान, मागं उभे राहून गालात हसत होते.

“तीनशे मीटर खोल पाण्यात चालतं म्हणे,” ते आईला म्हणाले.

“आन् ही कुठं बुडणार हाय तीनशे मीटर?” आत्याबाई म्हणाल्या. “लेकीचं लगीन ठरलंय, आणि आईला घड्याळाचं सुचतंय! भिंतीवर दोन हायत की घरात.”

“केतकीच्या लग्नातलं काही कमी करून नाही घेतलं मी. माझ्या कमाईचं आहे.”

“तुझ्या कमाईचं न्हवं असं कोण म्हणतंय? पर एवढं लोखंड मनगटाला बांधतीस, आणि काकणं मातर नकोत तुला.”

काकणांचं भांडण आमच्या दोघींत माझ्या लग्नापासूनचं. मी साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयात वकिली करते. पहिल्याच दिवशी माझ्या सीनियरांनी सांगितलं होतं, “बाई, त्या बांगड्या काढून या. साक्षीदारापेक्षा त्यांचाच आवाज जास्त येतो.” तेव्हापासून उजव्या हातात एक सोन्याची पाटली, बास. सणावारी केतकी हट्ट करायची तरी मी बधले नाही. आत्याबाईंच्या हातातल्या बांगड्या मामंजींबरोबर गेल्या, त्यालाही फार वर्षं झाली होती. त्या एकदा मला म्हणाल्या होत्या, “तुझ्या हातात नशीब हाय वाजवायचं, आणि तू घरातनं मुकी फिरतीस.” मला ते तेव्हा फार लागलं होतं.

पाडव्याला मात्र त्यांनी घड्याळ माझ्या हातात ठेवलं आणि वर म्हणाल्या, “चालंल तवर बरंच हाय. बंद पडलं तर माझ्याकडं रडत येऊ नको.”

झालं! ते घड्याळ चालणं ही त्या क्षणापासून माझ्या अब्रूची बाब झाली.

एवढं काय होतं त्या घड्याळात? शाळेत असताना मी पोहायची. कोल्हापूरला स्पर्धा होती, आणि नौदलातून निवृत्त झालेले एक साहेब पंच म्हणून आले होते. त्यांनी मनगटावरच्या घड्याळासकट हात पाण्यात घातला, एका पोराला दंडाला धरून वर ओढलं, आणि मग शांतपणे त्याच घड्याळात वेळ बघून निकाल सांगितला. असं घड्याळ आपल्याकडं असावं, हे माझ्या मनात त्या दिवशी बसलं ते कायमचं. पुढं पोहणं सुटलं. कॉलेज झालं, लग्न झालं, वकिली, घर, केतकीचं शिक्षण, विश्वासरावांचं ऑपरेशन, सगळं झालं. कशाबद्दल तक्रार नाही माझी. पण स्वतःसाठी म्हणून, कुणाला न विचारता घेतलेली माझ्या आयुष्यातली ती पहिली वस्तू होती.

आणि काय सांगू, पहिले काही दिवस मी हवेत होते! त्याला सेल नव्हता. पाठीमागं काच होती, त्यातून आतली इवली इवली चाकं दिसायची, आणि त्यांच्यावर अर्ध्या भाकरीच्या आकाराचा एक चिमुकला पत्रा सैल फिरायचा. आपला हात हलला की तो पत्रा फिरतो आणि आतली स्प्रिंग भरली जाते, असं पुण्याच्या दुकानातल्या मॅनेजरनं समजावलं होतं. “तुम्ही चालता तोवर हे चालणार, मॅडम. हातातून काढून ठेवलं तरी दोन दिवस पुरेल.” सेकंदकाटा इतर घड्याळांसारखा टकटक उड्या मारायचा नाही, सरकत जायचा. कडेचं निळं वर्तुळ फिरवलं की बोटांना बारीक दातरे लागायचे. ते मी उगाच फिरवत बसायची. वजन तर एवढं की आपल्याला मनगट आहे याची दिवसभर आठवण राहायची. पहिल्या दिवशी कोर्टात मी काळ्या कोटाची बाही त्याच्यावर ओढून घेतली, लोक काय म्हणतील म्हणून. दुपारपर्यंत कुणीच काही म्हणेना, तेव्हा बाही जरा वर सारली. तरी कुणी बघेना! शेवटी बाररूममध्ये मीच मोठ्यांदा म्हटलं, “किती वाजले बघू,” आणि हात सगळ्यांच्या पुढं धरला. धनवडे वकील म्हणाले, “वा, ताई! डायव्हरचं, पाणबुड्याचं दिसतंय.” मला त्यांना चहा पाजावासा वाटला, आणि पाजलाही.

संक्रांतीच्या सुमारास ते पहिल्यांदा बंद पडलं.

सकाळी साडी नेसता नेसता बघितलं तर पहाटेच्या तीनाला काटे थांबलेले. मी हलवलं तसं सुरू झालं. रात्री काढून उशाशी ठेवते, म्हणून झालं असेल, असं म्हटलं. मग रात्रीही हातात ठेवायला लागले. चार दिवसांनी पुन्हा थांबलं. एकदा तर उलटतपासणी चालू असताना साक्षीदाराला विचारलं, “आता किती वाजलेत सांगता का?” आणि तो भिंतीवरच्या घड्याळात बघून म्हणाला, “सव्वातीन.” माझ्या हातात पावणेदोन. मी बाही खाली ओढली आणि प्रश्न बदलला.

घरी कुणाला सांगितलं नाही. सांगणार कसं? किल्ली पिळून वेळ लावायची आणि गप्प बसायचं. पण आत्याबाईंना एक दिवस कळलंच. “किती वाजलं गं?” म्हणाल्या, मी सांगितलं, आणि तेवढ्यात मशिदीतली अजान होऊन माझं घड्याळ खोटं पडलं.

“तुझं घड्याळ रोजा धरून बसलंय वाटतं,” त्या म्हणाल्या.

विश्वासरावांना हसू आवरेना. मी ताटावरून उठले. एवढं चिडण्यासारखं नव्हतं ते, पण त्या दिवसांत मला राग लवकर यायचा आणि तोंडावर तो दिसायचा नाही, असं केतकी फोनवर म्हणायची. “आई, तू व्हिडिओवर रागावलीस की नुसती बघतीयेस, तेच कळत नाही.” डावा खांदाही आखडला होता. हाडांच्या डॉक्टरांनी व्यायाम दिला होता. लग्नघराची दगदग, दुसरं काय.

पुण्याला जाऊन घड्याळ दुकानात दिलं. आठवडाभर ठेवून घेतलं त्यांनी. मॅनेजर, राजगुरू नावाचा तरुण मुलगा, फार अदबीनं बोलला. “मॅडम, आम्ही मशीनवर लावून बघितलं. एकदाही थांबलं नाही. घड्याळ अगदी चांगलं आहे.”

“माझ्या हातात थांबतं.”

“काही लोकांची हालचाल कमी असते. बैठं काम असेल तर…”

“बैठं काम?” माझा पारा चढला. “दिवसभर उभी असते मी कोर्टात. तुम्ही तुमची वस्तू खराब निघाली तर गिऱ्हाइकाच्या हाताला दोष देणार?”

“तसं नाही म्हणायचं मला, मॅडम.”

“मग कसं म्हणायचंय?”

तो गप्प बसला. समोरचा गप्प बसला की आपण जिंकलो, असं समजायची आम्हा वकिलांना खोड असते.

घरी आल्यावर विश्वासराव म्हणाले, “आण, आठ दिवस मी घालतो.” त्यांनी घातलं. सकाळी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्यापर्यंत फिरायला जायचे, बागेला पाणी घालायचे. घड्याळ एकदाही थांबलं नाही. “वकीलसाहेब, याला निवृत्त माणसंच आवडतात,” ते म्हणाले. मी ते त्यांच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतलं. माझ्या मनगटावर आलं आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा बंद.

मग मी हट्टाला पेटले. दुकानाला नोटीस धाडली. सदोष वस्तू विकली, दुरुस्तीस टाळाटाळ केली, मानसिक त्रास दिला. त्यांचं उत्तर आलं, की घड्याळ निर्दोष आहे, पाहिजे तर पुन्हा तपासू. मी ग्राहक मंचात घालायचा अर्ज तयार केला. मे महिन्याची सुट्टी संपली की दाखल करायचा, असं ठरवून टाकलं. आत्याबाईंनी विचारलं, “कशापायी एवढं? दे परत, पैसं घे, मोकळी हो.” मी म्हटलं, “पैशाचा प्रश्न नाही. मी फसले नाही, हे मला सिद्ध करायचंय.”

“कुणाला सिद्ध करायचंय?”

“तुम्हाला,” मी म्हटलं.

नंतर घड्याळाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

लग्नाला दहा-बारा दिवस असतानाच घर पाहुण्यांनी भरलं. कासार घरी आला. आधी देवीच्या नावानं बांगड्या काढून ठेवल्या, मग नवरीचा चुडा, मग घरातल्या साऱ्या बायका. हिरव्या काचेचा नुसता खच पडला होता सतरंजीवर. केतकी चुड्याचे हात वर धरून म्हणाली, “आई, आज नाही म्हणायचं नाही हं. नवरीच्या आईचे हात रिकामे नसतात.” कोर्टाला सुट्टी होती, सबब नव्हती, आणि खरं सांगते, मनातून मलाही हवं होतं. घड्याळ काढून कपाटात ठेवलं आणि दोन्ही हात कासारापुढं केले. आत्याबाई कोपऱ्यात खुर्चीवर बसून होत्या. त्यांना कुणी बोलावलं नाही. पण माझ्या हातात शेवटची बांगडी चढली तेव्हा त्या म्हणाल्या, “आता कसं घर भरल्यागत वाटतंय.”

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं उरकून पाहुणे आडवे झाले होते. आत्याबाई बाहेरच्या खोलीत अक्षतांच्या तांदळाला कुंकू चोळत बसल्या होत्या. मी स्वयंपाकघरातून पुढच्या दारापर्यंत आणि दारापासून स्वयंपाकघरापर्यंत येरझाऱ्या घालत होते. मांडववाला यायचा होता, दूधवाल्याला निरोप द्यायचा होता, असलं काहीबाही.

“हेमा.”

“काय, आत्याबाई?”

“कासारानं तुला एकाच हातात भरल्या काय?”

“दोन्ही हातांत भरल्यात की. तुमच्यासमोरच तर भरल्या.”

“मग तुझा डावा हात का मुका?”

मला हसूच आलं. “म्हणजे?”

“हसू नको. त्या दारापर्यंत जा बघू. जा म्हंते न्हवं.”

मी गेले. त्यांचं मन राखायला गेले. पावलागणिक बांगड्या वाजत होत्या.

“आता परत ये.”

परत आले.

“उजवाच वाजतोय,” आत्याबाई म्हणाल्या. त्यांचे कुंकवानं लाल झालेले हात परातीतच थांबले होते. “डावा वाजत न्हाई. कालपास्नं ऐकतीय मी. आधी वाटलं, हातात काहीतरी धरलं असशील. पर तू मोकळी चालतीस तरी त्यो वाजत न्हाई.”

“तुमचं आपलं काहीतरीच.” मी डावा हात जोरात हलवला. बांगड्या खळखळल्या. “हा बघा वाजला.”

“हलवलास म्हणून वाजला. चालताना इसरून चाल बरं.”

मी पुन्हा निघाले. विसरून चालायचं म्हटलं की कुठलं विसरायला होतंय? म्हणून मांडववाल्याचा विचार करत, मनात त्याला चार शब्द सुनावत दारापर्यंत गेले. दारात थांबले आणि खाली बघितलं. माझा डावा हात कोपरात किंचित वाकून पोटाशी लागून होता. कुणी आणून ठेवलेली वस्तू असावी तसा. चालताना तो हललाच नव्हता.

तेवढ्यात केतकी वरून खाली आली. सबंध जिना तिचे दोन्ही हात वाजले. ती पाणी पिऊन परत गेली, दोन्ही हात वाजवत. आम्ही दोघी ऐकत होतो. आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं, आणि त्यांच्या नजरेत मी पहिल्यांदाच भीती बघितली.

मी आत गेले, कपाट उघडलं, घड्याळ हातात घेतलं. पाठीमागच्या काचेतून तो पत्रा दिसत होता, जरा कललं की फिरणारा. तुम्ही चालता तोवर हे चालणार, मॅडम. मी चालत होते. रोज चालत होते. माझा हात चालत नव्हता.

मी घड्याळ उजव्या हातात बांधलं, बांगड्यांच्या मागं. कुणाला काही बोलले नाही. तीन दिवस झाले तरी ते थांबलं नाही, आणि ते थांबावं म्हणून मी देवाचा धावा केला, हे आज सांगायला मला लाज वाटत नाही.

चौथ्या दिवशी केतकीच्या ब्लाऊजचं निमित्त करून मी एकटी पुण्याला गेले. मेंदूविकारांचे डॉक्टर होते, वयस्कर, कमी बोलणारे. त्यांनी मला बाहेरच्या व्हरांड्यात चालायला लावलं. अंगठ्यावर तर्जनी टपटप आपटायला लावली. उजव्या हाताची बोटं भराभर चालली. डाव्या हाताची सुरुवातीला चालली, मग लहान लहान होत गेली आणि अडकली. मी त्या बोटांकडं बघत होते आणि ती माझं ऐकत नव्हती. त्यांनी मला एक वाक्य लिहायला सांगितलं. मी साक्षीदाराची शपथ लिहिली, दुसरं काही सुचलं नाही. ओळीच्या शेवटी अक्षरं मुंगीएवढी झाली होती.

“आपल्याकडं कंपवात म्हणतात त्याला,” ते म्हणाले. “पार्किन्सन.”

“पण मला कंप कुठाय, डॉक्टर?”

“सगळ्यांना कंपानं सुरू होत नाही. तुमचं हात आखडण्यानं सुरू झालंय. खांद्याचं दुखणंही त्यातलंच असावं.” मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, “काय करता आपण?”

“वकिली.”

“औषधांनी पुष्कळ वर्षं चांगली जातात. चालायचं, मोठ्यांदा वाचायचं, हात मुद्दाम हलवायचा. इतक्या लवकर कुणी येत नाही. तुमच्या कसं लक्षात आलं?”

“माझ्या नाही आलं,” मी म्हटलं. “सासूबाईंच्या आलं.”

येताना खंबाटकीच्या घाटात गाडी कडेला लावायला सांगितली आणि जरा वेळ खाली उतरून उभी राहिले. हात जाईल याचं मला एवढं भय नव्हतं. पुढं कधीतरी जीभ जड होईल, आवाज बारीक होईल, असं त्यांनी मी विचारल्यावर सांगितलं होतं. आवाजावर तर माझं सगळं उभं होतं. ड्रायव्हर म्हणाला, “ताई, मळमळतंय का?” मी हो म्हटलं.

घरी आल्यावर पहिलं काम केलं ते दुकानात फोन लावायचं. मधल्या खोलीचं दार लोटून घेतलं.

“राजगुरू, मी साताऱ्याहून हेमलता शिंगटे.”

“बोला, मॅडम.” बिचारा धास्तावलाच.

“ती नोटीस मी मागं घेते. तसं लेखीही धाडते. घड्याळ चांगलं आहे.”

“थँक्यू, मॅडम. पण मग थांबत का होतं?”

नुसतं ‘माझी समजूत चुकली’ म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण निर्दोष सुटलेल्याला कारण कळायचा हक्क असतो, हे मीच आयुष्यभर कोर्टात ओरडून सांगत आले. नवऱ्याला, पोटच्या पोरीला सांगितलं नव्हतं ते मी त्या अनोळखी मुलाला सांगितलं. “माझा डावा हात हलत नाही, राजगुरू. मला कंपवात झालाय. तुमच्या घड्याळानं मला आधीच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही.”

तो म्हणाला, “काळजी घ्या, मॅडम.” मी फोन ठेवला आणि वळले, तर दारात आत्याबाई.

त्यांचा कान तिखट. दार लोटून काय उपयोग?

“बरं होणारं हाय का?” त्यांनी विचारलं.

“नाही. पण लवकर मरणारंही नाही.”

त्या आत आल्या, पलंगावर बसल्या. माझा डावा हात त्यांनी आपल्या मांडीवर घेतला. मी इतक्या वर्षांत त्यांच्या कुशीत कधी शिरले नव्हते, त्या दिवशी शिरले. रडले. त्या मला थोपटत होत्या आणि स्वतः एक टिपूस काढत नव्हत्या.

“पोरीचं लगीन होऊ दे,” त्या म्हणाल्या. “मग सांगू समद्यांना. तवर आपल्या दोघीत.”

“चालताना दिसेल कुणाला तरी.”

“न्हाई दिसणार. उद्यापास्नं पहाटं गच्चीवर यायचं माझ्यासंगं. मी बसंन, तू चालायचं. डावा मुका झाला की मी सांगंन.” मग माझ्या उजव्या मनगटाकडं बोट केलं. “आणि ते तिथंच राहू दे. चांगलं हाय घड्याळ. मी उगाच बोलले.”

लग्नाला पाच-सहा दिवस होते. रोज पहाटे पाहुणे उठायच्या आत आम्ही गच्चीवर. मी या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत चालायची. आत्याबाई पाण्याच्या टाकीला टेकून, डोळे मिटून बसायच्या आणि हात थांबला रे थांबला की ओरडायच्या, “डावा!” मी हात हलवायची. पुन्हा विसरायची. “डावा! आगं, डावा!” एकदा शेजारच्या गच्चीवरून माने काकूंनी विचारलं, “काय चाललंय हो आत्याबाई?” तर म्हणाल्या, “सुनेला परेड शिकवतीय. घाला तुम्ही पाणी झाडांना.” मी हसत सुटले. चार महिन्यांत मी अशी मोकळी हसले नव्हते, असं त्याच म्हणाल्या.

लग्न झालं. नीट झालं. अक्षता पडल्या, जेवणं झाली, व्याह्यांचं मानपान झालं. माझ्याकडं कुणी वळून बघितलं नाही, आणि त्या दिवशी मला तेच हवं होतं.

संध्याकाळी पाठवणी. कार्यालयाच्या दारापासून गाडीपर्यंत दुतर्फा माणसं उभी. केतकीनं माझा उजवा हात घट्ट धरला होता. ती रडत होती, विश्वासराव दुसरीकडं बघत होते, सनईवाला जीव तोडून वाजवत होता. मी चालायला लागले, आणि त्या सगळ्यात माझं माझ्याकडं लक्ष राहिलं नाही. दाराशी खुर्चीवर आत्याबाई बसल्या होत्या. आम्ही त्यांच्यापुढून जाताना त्या हळूच म्हणाल्या,

“डावा, हेमा.”

एवढ्या सनईत बांगड्या ऐकू येणं शक्यच नव्हतं, तरी माझा हात थांबलाय हे त्यांना कसं कळलं कोण जाणे. मी हात हलवला. बांगड्या वाजल्या. आणि मला जो हुंदका फुटला तो काही केल्या थांबेना. आजूबाजूच्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. आईचं काळीज आहे, होणारच, असं कुणीतरी म्हणालं.

“आजी काय म्हणाली गं?” केतकीनं गाडीत बसता बसता विचारलं.

“सावकाश जा म्हणाली.”

गाडी सुटली. केतकी मागच्या काचेतून बघत होती. मी हात वर केला आणि हलवायला लागले, डावा. खांदा दुखत होता. गाडी पोवई नाक्याकडं वळून दिसेनाशी झाली, माणसं पांगली, तरी मी हलवतच होते. आत्याबाई काठी टेकत माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या.

“पुरे आता. गेली ती.”

“हलवू द्या, आत्याबाई,” मी म्हटलं.